हरेशदादांची फुली

नवी मुंबईतल्या करावे गावात कुणाच्या फोनला काही झालं की तो माणूस आधी हरेशदादांकडे जातो आणि मग दुकानात. मधल्या वेळात फोनचं जे काही होतं, त्याला दादा ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात.

दादांच्या वडिलांच्या घराच्या जागी चार मजले उभे राहिले, त्यात भाडेकरू आले आणि दादांना हातपाय हलवायचं कारण उरलं नाही. रिकामं डोकं काहीतरी करणारच; दादांनी ज्ञान वाटायला घेतलं. ‘मला माहीत नाही’ असं त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. बोअरचा पंप बंद पडला तरी दादांचं निदान ठरलेलं, ‘अपडेट मारावा लागंल.’ फोनवर त्यांचा उपचार त्याहून सोपा. पडद्यावर काही मजकूर आला की तो वाचायचा नाही. कोपऱ्यात फुली असते, ती शोधायची आणि दाबायची. “कंपनीवाले कायपन लिवतान,” दादा सांगत, “वाचत बसलास का गेलास.” या पद्धतीनं त्यांनी अर्ध्या गल्लीचे फोन बरे केले होते. उरलेली अर्धी गल्ली नवे फोन घेऊन मोकळी झाली होती.

दादांची मुलगी उन्नती कबड्डीत मात्र खरोखर हुशार निघाली. त्याचं श्रेय दादा स्वतःकडे घेत, पण पहाटे तिला उठवून मैदानावर नेणारी होती दादांची आई, मालतीबाई. “पोरीच्या जातीनं मांड्या थोपटायच्या का?” असं विचारणाऱ्या बायकांना मासळीच्या पाटीवरूनच चार शब्द सुनावणारीही तीच. आता मालतीबाईंचे गुडघे गेले होते. पोर जिल्ह्याकडून खेळायला लागली, पण आजीनं तिचा मोठा सामना एकदाही पाहिलेला नव्हता. आज सोलापूरला अंतिम सामना होता आणि तो एका ॲपवर दिसणार होता. दादांनी ॲपचे पैसे भरले होते. आईला पोर दाखवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि ते अगदी मनापासून होतं.

एवढ्यावर थांबले असते तर ते हरेशदादा कसले. आदल्या दिवशी गल्लीत हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे अख्खं गाव मांडवात. दादांनी गाणाऱ्याच्या हातातून माईक घेतला. “उद्या माजी पोर फायनल खेलतेय! कोनी पैसं भरायचं नाय, सगल्यांनी माज्या खात्यावर बगायचं! पासवर्ड आपलीच पोर. उन्नती, आनि फुडं तिचा नंबर सात!” मांडवात टाळ्या पडल्या. लोक दोनदा सांगा म्हणाले, दादांनी तीनदा सांगितला. नवरदेवाला त्या रात्री एवढ्या टाळ्या मिळाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालतीबाई नवं लुगडं नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून दिवाणावर बसल्या. दादांनी ॲप उघडलं. इंग्रजीत लाल अक्षरं आली. दादांनी फुली दाबली. पुन्हा उघडलं, पुन्हा अक्षरं, पुन्हा फुली.

“काय झायलं रं?” मालतीबाईंनी विचारलं.

“काय नाय आये, सर्वरला लोड हाय.”

मग उपचार सुरू झाले. फोन बंद करून चालू केला. ॲप उडवून परत टाकलं. सिमकार्ड काढून शर्टाला पुसलं. तळमजल्यावरची भाडेकरीण संघमित्रा बँकेत नोकरीला होती. ती दारातून म्हणाली, “दादा, काय लिहून येतंय ते वाचा ना एकदा.” दादा तिच्याकडे दयेनं हसले. बँकेतली माणसं, वाचणारच. “ताई, हे टेक्निकल हाय,” ते म्हणाले आणि रेंजसाठी गच्चीवर गेले.

गच्चीवरून अख्खी गल्ली ऐकू येत होती. चारी बाजूंच्या घरांतून “उन्नती! उन्नती!” असा गजर चालला होता. गावाला दिसत होतं, बापाला दिसत नव्हतं. दादांना अभिमान वाटला. टाकीच्या वर हात करून त्यांनी फोन स्टेशनापासून पाम बीच रस्त्यापर्यंत सगळ्या दिशांना दाखवला. लाल अक्षरं दिशा बदलूनही लालच राहिली.

ते खाली आले तेव्हा दिवाण रिकामा होता. आई कंटाळून देवापुढे बसली असेल, असं त्यांनी धरलं. तिचा फोन उशीजवळ पडला होता. शेवटचा उपाय म्हणून दादांनी तो उचलून त्यावर ॲप उघडलं.

या फोनवर आईला दिसावं म्हणून दादांनीच अक्षरं भोपळ्याएवढी करून ठेवली होती. त्यामुळे लाल मजकुरानं अख्खा पडदा व्यापला आणि फुली बाहेर गेली. दादांनी कोपरा चाचपला. फुली नाही. चारही कोपरे चाचपले. शेवटी नाइलाज म्हणून त्यांनी मजकूर वाचला.

एका खात्यावर एका वेळी चारच फोन चालतात, असं त्यात लिहिलं होतं. खाली बटण होतं, बाकीचे सगळे फोन बंद करण्याचं.

दादांचं बोट बटणावर अडलं. बटण दाबावं तर काल टाळ्या वाजवणारं गाव आज शिव्या घालणार. न दाबावं तर आई पोरीला न बघताच राहणार. पुढच्या हळदीत आपल्याला माईक कोण देणार, हा विचारही त्यांच्या मनाला शिवला. मग त्यांना तो अबोलीचा गजरा आठवला. इज्जत गेली खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

गल्लीतला गजर एका क्षणात थांबला. मागोमाग हाका सुरू झाल्या. त्यातली एक हाक शेजारच्या दुर्गाबाईंच्या ओटीवरून आली, आणि तो आवाज दादांना जन्मापासून ओळखीचा होता.

“अगो बाय! गेलं का गो?”

दादा फोन घेऊन धावले. मालतीबाई दुर्गाबाईंच्या फोनसमोर बसल्या होत्या. फोन काळा झाला होता आणि त्या अजून त्यात बघत होत्या.

“मीच बोलवलं त्यांना, कवापासून हितंच बसल्यात बगत,” दुर्गाबाई म्हणाल्या. “शेवटची चढाई होती, हरेश. आनि नेमकं आताच कोनी मेल्यानं बंद केलं!”

दादांच्या हातातल्या फोनवर, कसलीही अडचण न येता, पंख्याची जाहिरात लागली होती. फुली कुठेच नव्हती. जाहिरात संपली तेव्हा दोन्हीकडच्या पोरी हात मिळवत होत्या. उन्नती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होती.

मालतीबाईंनी मुलाचं मनगट धरलं. “पार आत गेलती रं पोर. दोघींना हात लावलान. मंग त्यांनी पाय धरला तिचा… परत आयली का रं?”

गावातला प्रत्येक फोन बरा करणारे हरेशदादा आईसमोर उभे होते.

“मना ठाव नाय, आये,” ते म्हणाले.