घोसाळ्याच्या वेलातला नळ

आत्याच्या दारात नळ आहे. खरा, पितळेची तोटी असलेला. दोन वर्षांपूर्वी वरच्या आळीत पाइपलाइन टाकली तेव्हा लावला. फक्त त्यातून पाणी येत नव्हतं. एक थेंबसुद्धा नाही. मग आत्यानं त्याच्या बुडाशी घोसाळ्याची बी टोचली आणि पावसाळा संपेपर्यंत नळ वेलात गायब! तिच्याकडे कुणी पाहुणं आलं की ती सांगायची, "बघा, सगल्यांच्या नलाला पानी येतं, माझ्या नलाला घोसाली येतात."

आमचं गाव बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. खालची आळी रस्त्याला लागून, वरची आळी टेकाडावर. खाली मारुतीच्या देवळापर्यंत पाणी मस्त येतं. तिथून वर यायला साठ-सत्तर पावलं, पण चढ असा की डोक्यावर हंडा असेल तर प्रत्येक पाऊल मोजावंच लागतं. आत्या एकटी राहते आणि तिचे गुडघे गेलेत. मी कामावरून आले की तिचे चार हंडे भरून द्यायचे. पण मी उल्हासनगरला एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात कामाला, कधी उशीर व्हायचा, आणि मग ती स्वतःच निघायची. एकदा चढावर पडली. हाड वाचलं, हंडा चेपला.

त्या दिवशी शिरगावहून दादा आला. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, तिकडे बदलापूरच्या शिरगावात फ्लॅट घेऊन राहतो. त्यानं आईचा पाय बघितला, चेपलेला हंडा बघितला आणि सरळ म्हणाला, "आई, बस झालं. पुढच्या रविवारी टेम्पो सांगतो. कपाट, पलंग, तू, सगळं शिरगावला."

"आनि माझी वांगी?" आत्या म्हणाली.

"बाल्कनीत कुंडी ठेव."

आत्या लंगडत उठून मागच्या दाराला गेली. मागच्या दाराला तिचे वांग्याचे वाफे आहेत, वाल आहे, शेजारी जाऊबाई आहे जिच्याशी ती रोज भांडते आणि रोज कालवण देते-घेते. ते सगळं एका टेम्पोत कसं मावणार? दादाचंही चुकत नव्हतं, तेच तर वाईट होतं.

म्हणून मी अर्ज टाइप केला. पाच मिनिटांत, माझा स्पीड सॉलिड आहे. "वरच्या आळीत पाइपलाइन टाकली आहे परंतु पाणी येत नाही." आत्याची सही घेतली आणि सुट्टी टाकून दोघी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅडम खूप चांगल्या होत्या. त्यांनी आत्याला आधी खुर्ची दिली, मग फाइल काढली आणि चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, तुमच्या ग्रामसभेचाच ठराव आहे इथे. वाच."

मी वाचलं. वरच्या आळीतील नळजोडणीचे काम पूर्ण झाले असून पाणीपुरवठा सुरळीत चालू आहे, ग्रामसभा समाधान व्यक्त करते. खाली सह्यांची रांग. नववी सही आत्याची! तिचं ते गोलगोल, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेलं नाव.

आत्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. "ही तर माझीच हाय गो."

आता हे कसं झालं ते सांगते, कारण हे आमच्या गावातच होऊ शकतं. आमच्याकडे ग्रामसभा असली की शिपाई काका सकाळी रजिस्टर काखेत घेऊन दारोदार फिरतात. तेच काका पाणीपण सोडतात, म्हणून एका खांद्यावर वॉलची लांब चावी आणि एका काखेत रजिस्टर. "वहिनी, सही." बायका भाकरी टाकता टाकता हात पदराला पुसून सही करतात. पान कोरं असतं. सभेला मग सरपंच काकी, ग्रामसेवक भाऊसाहेब, शिपाई काका आणि एखाददुसरा रिकामा माणूस. नंतर वरची कोरी जागा भरली जाते. ह्यात कुणाला काही चूक वाटत नव्हती. उलट, सही दिली की आपण सभेला गेलो असंच सगळे समजायचे. काकांना उन्हातून परत पाठवायचं म्हणजे माणुसकी नाही असं वाटायचं. आत्या तर सहीसोबत त्यांना चहापण द्यायची.

मॅडम म्हणाल्या, "सभेनं लिहिलंय ते सभेनंच दुरुस्त करायचं. मी इथे खोडू शकत नाही. तुमची सभा कधी आहे?"

मी फोनवर नोटिशीचा फोटो बघितला. येत्या मंगळवारी. म्हणजे दादाच्या टेम्पोच्या आधी. आणि ही हुकली तर मग डायरेक्ट काही महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी हे सगळं शेठना सांगितलं. आमचे शेठ सिंधी, आधी त्यांचा कापडाचा धंदा होता. ते हातातला कप खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. "माल उतरने के पहले चलान पे साइन? पूरा गाँव? बेटा, तुम्हारे गाँव में मुझे दुकान खोलनी चाहिए थी!" मी पण हसले, पण लाज वाटली हो. कारण गेल्या वर्षीपासून माझंही नाव मतदार यादीत आलंय आणि कोऱ्या पानावर मी पण दोनदा सही केलेली.

संध्याकाळी घरी कॅलेंडरात मंगळवार बघून आत्यानं कपाळावर हात मारला. मंगळवारी गावात हळद! आणि आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव तिकडे असणार. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोण येणार? कोरम होणारच नाही.

मंगळवारी सकाळी शिपाई काका वर आलेच. चावी, रजिस्टर, सगळं. "वहिनी, सही द्या, आज लवकर आटपायचंय."

आत्यानं चहा दिला. सही दिली नाही.

"काय झालं?"

"खाली येते ना. सभेतच करते."

काका एवढे गोंधळले की चहा बशीत ओतायचा सोडून चावीकडे बघत बसले. "पण वहिनी, सभेला कोन जातं?"

आम्ही खाली उतरलो. हळदीचा मांडव पंचायतीच्या ऑफिससमोरच्या पटांगणात घातला होता, कारण गावात तेवढी मोकळी जागा तीच. सगळ्या बायका मांडवात गोल करून बसलेल्या. वड्यांचं पीठ मळणं, लसूण सोलणं, एका कोपऱ्यात धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या आज्या. पुरुष मंडळी चुलाण पेटवायला. आणि ऑफिसात, एकटे भाऊसाहेब, पंख्याखाली.

मी नोटीस परत बघितली आणि ओरडलेच. नोटिशीत लिहिलेलं, सभेचं ठिकाण: ग्रामपंचायत कार्यालयासमोरील पटांगण! म्हणजे हाच मांडव! सगळं गाव सभेच्या जागेवर बसून लसूण सोलत होतं!

मी धावत सरपंच काकींकडे गेले. त्या परातीत कोपरापर्यंत हात घालून पीठ मळत होत्या. ऐकून आधी हसल्या, मग विचारात पडल्या. "भाऊसाहेब," त्यांनी तिथूनच हाक मारली, "रजिस्टर घेऊन बाहेर या. सभा इथं हाय."

भाऊसाहेब दारात आले. "काकी, असं कसं? हळद चालू आहे."

"तुम्हीच लिवलंय ना पटांगन? मग पटांगनात या. आनि चपला काढून या, मांडव हाय."

बायका खो-खो हसल्या. भाऊसाहेबांनी खरंच चपला काढल्या. धवला थांबला. आत्या म्हणाली, आधी जुना ठराव वाचू दे. ती चौथी शिकलेली, अक्षरावर बोट ठेवून वाचते. बोटाला पीठ नको म्हणून आधी पदराला हात पुसला. "वर-च्या आ-लीत... पानी-पुर-वठा... सुर-लीत..."

"कुनाच्या आलीत?" जाऊबाई तिकडून.

"आपल्या! तुझी पन सही हाय."

"माझी? मी तर तेव्हा माहेरी होते, वेवजी गावाला, भावाला नातू झाला म्हनून!"

"मग कुनी केली?"

सगळ्यांनी चुलाणाकडे बघितलं. जाऊबाईंचे मालक लाकडं नीट लावण्यात एकदम बिझी झाले. असा हशा पिकला की आज्यांनी गाण्याऐवजी टाळ्याच वाजवल्या.

भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "ठेकेदारानं काम पूर्ण म्हणून कागद दिला, मी तेच उतरवलं. वर जाऊन बघायला पाहिजे होतं मी." हे ते सगळ्यांसमोर बोलले. मला तेव्हापासून ते आवडतात.

नवीन ठराव मी सांगितला, त्यांनी लिहिला: मारुतीच्या देवळापासून पुढचा पाइप जोडलेलाच नाही, तो जोडावा. हात वर करा म्हटल्यावर पिठाचे, लसणाचे, सगळे हात वर. मग सह्यांची रांग लागली. प्रत्येक बाई आधी वरचं वाचायला मागत होती, ज्यांना येत नाही त्यांना मी वाचून दाखवलं, एकच ठराव किती वेळा वाचला देव जाणे. रजिस्टरवर सगळीकडे पिठाची बोटं. भाऊसाहेब फुंकर मारत होते.

"पन ठेकेदार येनार कधी?" आत्यानं विचारलं. तिला रविवार दिसत होता.

सरपंच काकी हसल्या. "संध्याकाली जेवायला येनार हाय कना तो? नवरदेवाच्या मामाचा दोस्त. येऊ दे."

आला बिचारा. कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पंगतीत बसला आणि आमच्या बायकांनी त्याला वाढायला सुरुवात केली. एक वडा वाढायचा, एक प्रश्न विचारायचा. "भाऊ, मटन घ्या. पाइप कधी आनता?" "भाऊ, अजून एक वडा. देवलापासून किती लांब पडतं हो?" आत्या रस्सा घेऊन आली तेव्हा त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "मावशी, शनिवारी. आईशप्पथ शनिवारी."

शनिवारी दुपारी खरंच दोन माणसं आली, देवळापाशी खणलं, पाइप जोडला. शिपाई काकांनी वॉल फिरवला. आम्ही सगळे आत्याच्या दारात. नळ आधी खोकला, मग लाल पाणी, मग एक पाल, मग हवा. मी वेल कापायला विळा घेतला तर आत्या खेकसली, "हात लावू नको त्याला! फुलावर हाय." तिनं स्वतः पानं बाजूला करून तोटीखाली हंडा धरला. तोच, चेपलेला. धार करंगळीएवढी, पण आली!

सगळे गेल्यावर मी म्हटलं, चल भरून ठेवू, उद्या येईल न येईल. तर तिनं पहिला हंडा उचलला आणि सगळा वांग्यांना ओतला. दुसरा अंगणात शिंपडला. दोन वर्षं ती तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्यांना घालत होती.

रविवारी दादा आला. टेम्पो रस्त्यावर उभा करून वर चढला, घामाघूम. आत्यानं नुसतं नळाकडे बोट दाखवलं. दादानं तोटी फिरवली, बंद केली, परत फिरवली. मग शर्ट काढून तिथेच वेलाखाली बसला आणि डोक्यावर पाणी घेतलं, लहानपणी विहिरीवर घ्यायचा तसं.

"आई, रोज येईल का पण?"

"नाय आलं तर सभेत इचारीन."

टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. आत्यानं पिशवी भरून वांगी आणि सहा घोसाळी दादाच्या हातात दिली. एवढंच सामान त्या दिवशी शिरगावला गेलं.