पाना डब्यात ठेवा

गोल्फ कोर्सवर हरवलेले बॉल आणि घडलेले किस्से सारख्याच वेगाने साठतात. बॉल निदान खाडीत तरी जातात, किस्से सगळे माझ्या शेडमध्ये येऊन पडतात! उरणजवळच्या आमच्या कोर्सवर मी खेळाडूंना ड्रायव्हर निवडून देतो. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायचा तो मोठ्या डोक्याचा क्लब. मी मूळचा तळा गावचा. आईला अजून वाटतं, मी हॉकीच्या स्टिका दुरुस्त करतो.

हल्लीचे ड्रायव्हर ॲडजस्टेबल असतात. डोकं दांड्याला जोडणारा स्क्रू पान्याने सैल करायचा, जरा फिरवायचं, पुन्हा आवळायचा. बॉलला लागणाऱ्या तोंडाचा कोन बदलतो. शिकाऊ माणसाला त्याने काही फरक पडत नाही. चांगल्या खेळाडूची मात्र अर्ध्या डिग्रीपायी झोप उडते, आणि अशी माणसं सकाळी सातला माझ्या दारात उभी असतात.

*

नागावचे लिमयेकाका त्यातलेच. खेळ उत्तम, पण बॉल नेमाने उजवीकडे. तीन ड्रायव्हर बदलून झाले. शेवटी मी त्यांच्या पायांकडे बघितलं.

"काका, तुम्ही उभेच उजवीकडे तोंड करून राहता!"

"शक्यच नाही. रोज सकाळी वाडीत सुपारीच्या ओळीला धरून सराव करतो मी."

एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ती ओळ बघितली. सहा झाडं सरळ, आणि पुढे विहिरीला वळसा घालून सगळी उजवीकडे!

"काका, ओळच वाकडी आहे हो!"

"असेल. आजोबांनी लावलेली आहे, ती थोडीच हलवायची? तू ड्रायव्हर हलव!"

हलवला. आज काकांचा बॉल सरळ जातो. त्यांचा ड्रायव्हर त्या विहिरीला ॲडजस्ट केलेला आहे.

*

डॉक्टर गायकवाड मॅडम हाडांच्या डॉक्टर, आणि आमच्याकडच्या बायकांमध्ये सगळ्यात लांब मारणाऱ्या. मी पाच ड्रायव्हर मांडले, अंतर मोजायचं मशीन लावलं. मॅडम स्क्रीनकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि एकेक मारत गेल्या.

तिसऱ्याला म्हणाल्या, "हा नको."

"अहो मॅडम, हाच सगळ्यात लांब गेला!"

"आवाज ऐकलास का? फ्रॅक्चर आहे."

मी पोट धरून हसलो. चार दिवसांनी त्याच ड्रायव्हरच्या कडेला केसाएवढी चीर दिसली! आता नवा माल आला की मी आधी मॅडमना बोलावतो. त्या दारातूनच विचारतात, "पेशंट कुठाय?"

*

कॅप्टन प्रधान म्हणजे निवृत्त जहाजी. खेळायच्या आधी रोज समुद्राकडे बघणार, नाक वर करणार आणि आपल्या कॅडीला हुकूम देणार, "दिनू, वारा नैऋत्येचा. अर्धी डिग्री कमी कर!"

दिनू शेजारच्या गावातला, वडील मिठागरात कामाला होते. कॅप्टनची बॅग उचलता उचलता तो बघून बघून खेळायला शिकला. तो ड्रायव्हर घेऊन बाकाच्या मागे जायचा. कट्-कट् आवाज यायचा. मग कॅप्टन एक सणसणीत फटका मारून माझ्याकडे वळायचे. "बघितलंस? अर्ध्या डिग्रीत केवढा फरक!"

मी एकदा म्हटलं, "साहेब, एकदाच काय ते सेटिंग ठरवून टाकू या ना."

"आणि वाऱ्याला काय सांगू? ड्रायव्हर ठरला, आता तूही ठर?"

*

ही सवय त्यांना एकदा फार महागात पडली. क्लबच्या मोठ्या कपात कॅप्टन पुढे होते. बाराव्या होलला वारा फिरला. सवयीने हुकूम सुटला, दिनू झुडपामागे गेला, कट्-कट् झालं, फटका बसला. कॅप्टन दोन स्ट्रोकने, म्हणजे दोन फटके कमी घेऊन, जिंकले.

स्कोअरकार्डावर सही करायला पेन उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला. खेळ सुरू झाल्यावर सेटिंग बदलून फटका मारला की खेळाडू बाद, असा नियमच आहे. कोणी बघितलं नव्हतं. कॅप्टन स्वतः उठून म्हणाले, "मी बाद आहे." त्या दिवशी त्यांच्याविषयी वाटलेला आदर आजतागायत तसाच आहे.

तेव्हापासून माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांनी आपापला पाना त्यात टाकूनच पुढे जायचं.

*

यंदा व्यावसायिक खेळाडू होण्याची पात्रता फेरी आमच्याच कोर्सवर होती. दिनू तीनदा नापास झालेला. "आवंदा न्हाय झालं तर कंटेनर चालवीन," म्हणाला. घरी तसं सांगूनच आला होता.

दडपण आलं की त्याचा बॉल डावीकडे पळतो. चार दिवस आम्ही ड्रायव्हर निवडत होतो. शेवटी तोंड जरासं उघडं, म्हणजे उजवीकडे वळवून ठेवलेला एक पसंत पडला. सकाळी दिनूने पाना डब्यात टाकला. आणि त्याची बॅग कोणी उचलली? कॅप्टन प्रधानांनी! "बारा वर्षं त्याने माझी वाहिली, एक दिवस मी वाहतो."

शेवटच्या, अठराव्या होलपर्यंत सगळं छान चाललं होतं. तिथे चार स्ट्रोक लागले तर पास, पाच लागले तर कंटेनर. डावीकडे खाडी. आणि नेमका वारा फिरला.

मी चार पावलांवर उभा होतो. दिनू सारखा खाडीकडे बघत होता.

"साहेब, सेटिंग हलवायला पायजे व्हती."

"वेडा आहेस का? बाद होशील! मी झालो नव्हतो का?"

दिनू एकदम म्हणाला, "साहेब, तुमी बाद नव्हता."

"काय?"

"म्या त्या दिवशी काय हलवलंच न्हाय. कट्-कट् केला, परत हाय तिथंच ठेवला. रोजच तसा करायचो. तुमी बाद म्हनलात तवा मी लय भ्यालो, तोंडच उघडलं न्हाय."

कॅप्टन लालबुंद झाले. "म्हणजे तो कप माझा होता?"

"व्हय, साहेब."

मला वाटलं, आता हे बॅग टाकून चालते होणार. कॅप्टननी ड्रायव्हर काढला आणि त्याच्या हातात दिला.

"आधी हा मार. तुला नंतर बघतो."

दिनूने मोठा श्वास सोडला. या वेळी त्याने खाडीकडे बघितलंच नाही. बॉल मधोमध गेला, इतका सरळ की मी ओरडलोच! चार स्ट्रोक. पास!

*

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता दोघेही माझ्या शेडसमोर. कॅप्टननी समुद्राकडे बघितलं, नाक वर केलं आणि आपला ड्रायव्हर पुढे केला.

"दिनू, वारा नैऋत्येचा. अर्धी डिग्री कमी कर!"

दिनूने माझ्याकडून पाना घेतला आणि बाकाच्या मागे गेला. कट्-कट् आवाज आला.

कॅप्टननी सणसणीत फटका मारला आणि माझ्याकडे वळले.

"बघितलंस? केवढा फरक!"