शेजारच्या सीटवरचा लस घेतलेला माणूस

पुण्याहून शिरूरला येताना एसटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या कोपराच्या खळीत कापूस चिकटवलेला होता. मला शंका आली. विचारलं, तर सरळ म्हणाला, "एचआयव्हीची नवी लस हाय आप्पा, चाचणीतली. रोग न्हाई मला. रक्तातल्या पेशी विषाणू वळखाया शिकल्या का, तेवढं तपासत्यात."

तिघांच्या सीटवर आम्ही दोघंच होतो. मी पिशवी मध्ये ठेवली. ते त्यानं पाहिलं.

"घरीबी माझा तांब्या वेगळा केलाय. मेंढराला लस टोचली, तर कळपाबाहेर काढतो का आपण?"

रांजणगावला ऊन मी म्हणत होतं. त्यानं पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. घसा कोरडा पडला होता, तरी तहान नाही म्हणालो. तो हसला, पण झाकण लावेना, बाटली उघडीच धरून बसला.