शायलोबेक बाइकेंचा एकुलता एक सर्व्हर

किर्गिझस्तानातल्या तोकमोकच्या आमच्या डेअरीत शायलोबेक बाइकेंना, म्हणजे शायलोबेकदादांना, नाही म्हणताना कुणी ऐकलेलं नाही. सगळे कॉम्प्युटर तेच सांभाळतात. पूर्वी त्यांच्या खोलीत डझनभर सर्व्हर घोंघावत असत. त्यांनी ते मोडीत काढले आणि एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात, सॉफ्टवेअरच्या जोरावर, तितकीच आभासी यंत्रं थाटली. वीज वाचली, खोली थंडावली. तेव्हापासून ज्याला नवं यंत्र हवं, तो बोरसोकांची, म्हणजे पिठाच्या तळलेल्या तुकड्यांची, पिशवी घेऊन येतो. दारी आलेल्याला आमच्यात रिकामं पाठवत नाहीत; बाइके बोरसोक चघळत बसल्या जागी यंत्र उभं करून देतात. प्रयोगशाळेसाठी मीही दोन उकळली आहेत.

दुसरा सर्व्हर मात्र त्यांना मिळेना. हा बसला तर सगळंच बसेल, असं ते संचालिका बुरुल एजेंना, म्हणजे बुरुलताईंना, सांगून थकले. चाललंय ना, मग दुसरा कशाला, हे एजेंचं ठरलेलं उत्तर. आपल्याला कुणी मोजत नाही, हे बाइकेंचं खरं दुखणं.

एका सकाळी विजेचा झटका बसला आणि सर्व्हर बंद पडला. दुधाचा काटा ठप्प, टाक्यांचं गारठवणं ठप्प, फाटकाबाहेर टँकर उन्हात. बाइके खोलीकडे धावले आणि दारापाशी मटकन बसले. दाराचं कार्डवालं कुलूप चालवणारं यंत्रही त्यांनी त्याच सर्व्हरमध्ये कोंबलं होतं. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घ्यावं, तसला प्रकार.

खिडकी होती, पण बोरसोकांवर पोसलेला देह तिच्यात अडकला. मी मागून ओढून काढला. शेवटी सडपातळ बुरुल एजेच बूट काढून आत शिरल्या आणि बाइके बाहेरून सांगतील ते बटण दाबत गेल्या. दूध वाचलं. दाराला साधं लोखंडी कुलूप आलं, आणि दुसरा सर्व्हरही.

तो आला त्या आठवड्यात, भर दुपारी, बाइकेंनी अर्धी आभासी यंत्रं चालू असतानाच त्यावर हलवली आणि छाती फुगवून एजेंकडे गेले. मी तिथेच होतो.

"कधी हलवलीस?" एजेंनी विचारलं.

"आत्ताच. तुम्ही टाइप करत होतात तेव्हा."

"मला तर काहीच कळलं नाही. मग कौतुक कशाचं करू?"

बाइकेंचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

"त्याचंच करा, एजे," ते हळूच म्हणाले. "बिघडल्याशिवाय तुम्हाला माझं नाव कधी आठवलंच नाही."

एजेंचे हात थांबले. त्यांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. त्या खुर्चीत बाइकेंना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.