थोरलीमाय आणि चिंचेखालची चंद्री

थोरलीमायचं मत बदललं की ते सगळ्या गल्लीला कळायचं. म्हणजे ती स्वतःच कळवायची. आधीचं मत तिनं ज्या ज्या घरी सांगितलेलं असे, त्या त्या घराच्या उंबऱ्याशी उभी राहून ती नवं सांगून यायची. ‘कुकरातला भात अंगी लागत न्हाई,’ असं तिनं कितीतरी बायांना पटवलं होतं. पुढं ती लेकीकडे सोनपेठला राहून आली. गावात उतरल्यावर हातातली पिशवीही खाली न ठेवता ती घरोघर फिरली. “भाताचं मी बोलले व्हते ते वापस घेते. चांगला लागतो.” बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायची, “आपण बोललेलं खोटं निघालं, तर ते लोकाच्या घरात कशाला पडू द्यायचं?”

थोरलीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दिवाळी झाली की माझे माय-अण्णा ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावरच परतायचे. तोवर मी आणि धाकटा बाळू तिच्याजवळ. ती उंच, आवाज खणखणीत, हात मात्र विलक्षण हलका. डोक्याला तेल लावायला बसली की डोळे मिटून यायचे. बाळू तेव्हा शाळेतही जात नव्हता. माय गेली की पुढचे कित्येक दिवस तो रडायचा. ती त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवायची, कोंबड्या दाखवायची, शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटवायची. तो चाटायचा आणि पुन्हा रडायचा.

तिची श्रद्धा दांडगी होती आणि भीतीही तितकीच दांडगी. मांजर आडवं गेलं की ती वाटेत बसकण मारायची. शनिवारी आमची नखं वाढलेली तशीच राहायची. पण तिची सगळ्यात मोठी भीती गावाबाहेरच्या ओढ्याकाठच्या चिंचेची होती. आमच्या मधल्या काकांची बायको चंद्रकला पहिल्या बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते आणि दुसऱ्यांची लेकरं ओढून नेते, असं गाव मानायचं. चंद्रकलेला त्या चिंचेखाली बसायला आवडायचं, म्हणून तिची हडळ तिथंच, हेही गावानंच ठरवून टाकलं होतं. दिवस मावळल्यावर तिकडे कुणी फिरकत नसे. थोरलीमाय तर भरदुपारीही डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन लांबच्या वाटेनं शेतातून यायची. आमच्या दंडांना तिनं काळे दोरे बांधले होते. “तिकडं बघायचं बी न्हाई,” एवढंच म्हणायची. हडळ हा शब्द मात्र मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. ती नुसतं ‘ती’ म्हणायची.

एका थंडीत बाळू हरवला. दुपारी अंगणात खेळत होता आणि बघता बघता दिसेनासा झाला. विहीर पाहिली, मारुतीचं देऊळ पाहिलं, खळी पालथी घातली. गडीमाणसं बरीचशी तोडीला गेलेली, होती ती नदीकडे धावली. ऊन कलता कलता शेळ्या घेऊन परतणारा एक म्हातारा म्हणाला, “एक लेकरू चिंचेकडं जाताना दिसलं बा मला.”

बाया ओढ्याच्या अलीकडेच थबकल्या. चिंचेखाली अंधारून आलं होतं. कुणी म्हणालं, शेजारच्या गावाहून भगताला बोलवा. कुणी म्हणालं, पुरुष माणसं येईस्तोवर थांबा. थोरलीमायनं माझा हात घट्ट धरला होता. मग तिनं तो सोडला. पदर कमरेला खोचला आणि ओढ्यात उतरली.

“चंद्रे, मी यायलेय गं!” ती मोठ्यानं ओरडली. “लेकराला काई करू नगंस. करायचं ते मला कर!”

चिंचेच्या सावलीत ती दिसेनाशी झाली. आम्ही सगळ्या अलीकडेच उभ्या. जरा वेळानं ती बाळूला खांद्यावर घेऊन बाहेर आली. तो गाढ झोपला होता. तोंडातून लाळ गळत होती, केसांत चिंचेचा पाला अडकला होता. अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती जमलो तेव्हा तो जागा झाला आणि झोप मोडली म्हणून सगळ्यांवर चिडला.

घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

“माज्याजवळ कवा असं झोपलं न्हाई हे पोरगं,” ती म्हणाली. “तिनंच निजवलं आसंल.”

मी विचारलं, “मंग ती हडळ न्हाई, थोरलीमाय?”

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. “आगं, खुरपायला बसलो की सोता उन्हात बसून मला सावलीत बसवायची ती. मला ताप आला तर रातभर पाय दाबले तिनं. आसली बाई मेल्यावर लेकरं खाईल, हे मी कसं मानलं? लोकं म्हनले आन् मी मानलं.”

दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडली. या वेळी घरं पुष्कळ होती. प्रत्येक दारात ती एकच सांगत होती, “चंद्रीबद्दल जे बोलले ते वापस घेते. ती आपली माणूस हाय.” या वेळी कुणी हसलं नाही. शेजारच्या सीतामावशी तर भडकल्या. “उद्या एखाद्या लेकराचं बरंवाईट झालं मंजी?”

“मी सोता तितं बसनार हाय,” थोरलीमाय म्हणाली. “माजी लेकरं घेऊन.”

आणि खरंच, रोज दुपारी भाकरी बांधून ती आम्हाला चिंचेखाली नेऊ लागली. पहिल्या दिवशी मी तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून बसले होते. पहिला घास ती मुळाशी ठेवायची आणि मग चंद्रीच्या गोष्टी सांगायची. चंद्रीला बेडकांची भीती वाटायची. हसली की नाकातून पाणी यायचं. तिची भाकरी कधी गोल झाली नाही. सासू रागावली की चंद्री म्हणायची, पोटात गेल्यावर कोन बघायलंय? हे ऐकून आम्ही खिदळायचो. हळूहळू गल्लीतली पोरं यायला लागली. सीतामावशींची नातसुद्धा आली. माय-अण्णा परत आले तेव्हा आम्ही मायला ओढत तिथं घेऊन गेलो, ‘चंद्रीमाय’ दाखवायला.

म्हणून थोरलीमाय फार सुधारली होती असं मात्र नाही. परभणीला कॉलेजात गेल्यावर मी सुट्टीत तिला भुतं नसतात हे, पुस्तक वाचल्यासारखं, समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. “नसतील,” म्हणाली. “पन चंद्री हाय.” “आणि मांजर?” मी विचारलं. “मांजराचं आजून ठरलं न्हाई माजं. बघायलेय.”

त्याच वर्षी मी देवाला हात जोडणं सोडलं. तिला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, “खरं वाटंल तसं वाग. पन तितंच आडून बसू नगंस.”

तिच्या शेवटच्या आजारपणात आम्ही तिला परभणीच्या दवाखान्यात आणलं. खणखणीत आवाज पार खोल गेला होता. एका संध्याकाळी मी एकटीच तिच्याजवळ होते. ती म्हणाली, “देवीची आरती म्हन की.”

मी तिचं पांघरूण सारखं करू लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं. “नगं वाटत आसंल तर नगं म्हनू. हात धर नुसता.”

मी हात धरला. तो अजून तसाच हलका होता. खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. बऱ्याच वेळानं माझं मलाच कळायच्या आत मी आरती म्हणायला लागले, हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरच्यांना ऐकू जाऊ नये अशी. दुसऱ्या कडव्यात अडकले. इतक्या वर्षांत शब्द विसरले होते. तिनं डोळे न उघडता कोरड्या ओठांनी पुढचा शब्द सांगितला. मी तो घेतला. पुन्हा अडकले, तिनं पुन्हा सांगितला. अशी आम्ही दोघींनी मिळून ती आरती शेवटपर्यंत नेली.