तूरडाळीच्या डब्यातले देव

मालविका नागपूरहून इंग्लंडला आली आणि तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत भूल देऊन लोकांना झोपवत राहिली. निवृत्त झाल्यावर मेडनहेडजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये ती दर शनिवारी गाइड झाली. आता तरी लोकांना जागं ठेव, असं मी तिला चिडवायची. मी तिची शेजारीण, तोंडाने जरा फटकळ.

चंद्रशेखर, तिचा नवरा, गेला आणि घर विकायचं ठरलं. ती लेकीकडे, स्टॅनमोरला राहायला जाणार होती. दियाने आधीच बजावलं होतं: फ्लॅटमध्ये देव्हारा नको, देव मंदिराला देऊन टाक. मालविकाने वाद घातला नाही. देव फडक्यात गुंडाळून तिने रीतीप्रमाणे डब्यात तांदळात ठेवले आणि कुणी उघडू नये म्हणून डब्यावर 'तूरडाळ' अशी चिठ्ठी डकवली. लेकीच्या घरात लपवून देव न्यायचे, याचा मला संतापच आला. पण तिने शपथ घातली होती.

शेवटच्या शनिवारी दिया आम्हा दोघींना न्यायला चर्चमध्ये आली. मालविका पाहुण्यांना सेंट ॲनची, म्हणजे येशूच्या आजीची, मूर्ती दाखवत तिची गोष्ट सांगत होती. आई लेकीला वाचायला शिकवतेय अशी. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली, तरी ही जागेवर राहिली. त्याचा मुलगा एडवर्ड गादीवर आला आणि हुकूम सुटला, मूर्ती काढा, भिंतींना चुना फासा. राजा बोले, दळ हाले. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी मात्र ही गुपचूप पुरून ठेवली. पाच वर्षांनी पोपला मानणारी मेरी राणी झाली, मूर्ती परत बसवा म्हणाली. तोवर ते दोघे साथीत गेले होते.

"मग?" दियाने विचारलं.

"पोरांना जागाच माहीत नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं ना त्यांना."

पुढे शेकडो वर्षांनी पाइप टाकताना ती सापडली, हे सांगायचं राहूनच गेलं. मालविका तिथेच थांबली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "दिया, तूरडाळीच्या डब्यात आपले देव आहेत."

सिग्नलला गाडी थांबल्यावर दियाने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

"कोण कोण आहेत, आई? मला फक्त गणपतीचा नाव येतो."

"बाळकृष्ण आहे. आणि अन्नपूर्णा. ती लग्नात आई लेकीला देते. माझ्या आईने मला दिली होती."

"मला नाही दिलीस."

"तुला नको असेल असं वाटलं गं."

"विचारायचं तरी," दिया म्हणाली.