पाच घागरी शिळं पाणी

वारंगा फाट्यावरच्या भावसिंग पंचरवाल्याकडे शिकवलेले मासे आहेत, अशी आवई एका हिवाळ्यात नांदेड-हिंगोली रस्त्यावर उठली होती. ट्यूब टपात बुडवली की मासे पळत येतात, भोक असेल तिथं तोंड लावून उभे राहतात, आणि भावसिंग फक्त खडूनं खूण करतो. ही आवई माझ्या कानांदेखत मोठी झाली. पंचरच्या दुकानाला लागूनच माझ्या बाबांचं एसटीडी बूथ, आणि तिथं बसायचे मी. लांबचा फोन म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जाईल इतकं ओरडायचं, अशी ड्रायव्हर लोकांची पक्की समजूत. त्यामुळे काचेचा दरवाजा लावून उपयोग नसायचा. पहिल्या दिवशी एकानं घरी सांगितलं, "दो मछली है, पंचर दिखाती है." आठवड्याच्या आत एक क्लीनर हैदराबादला कुणाला तरी पटवून देत होता की मासे आठ आहेत आणि हवा किती भरायची तेही सांगतात.

खरं असं, की त्या माशांना कुणी काही शिकवलं नव्हतं. ते बेघर होते. त्यांचं घर फुटलं म्हणून त्यांना टपात ठेवलं होतं, आणि घर फुटलं ते पंचरवाल्याच्याच कारागिरीमुळं.

भावसिंगकाकांचा तांडा डोंगरकडा गावाच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर. लहानपणी ते ढोरं चारायला जायचे आणि ढोरं सोडून पाण्यात बघत बसायचे. कोणता मासा कोणत्या दगडाखाली राहतो, कोण गवताच्या मुळाशी लपतो, हे त्यांना आपल्याला गल्लीतली घरं माहीत असतात तसं माहीत होतं. फाट्यावर दुकान टाकल्यावरही बाजाराच्या दिवशी दुपारी दुकान बंद करून ते मागच्या ओढ्यावर जायचे. हातात गळ नाही, जाळं नाही. रिकाम्या हातानं जायचे आणि रिकाम्या हातानं यायचे. मिराकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "माणसं वढ्यावर जाऊन कालवणाचं घेऊन येत्यात. आमचं माणूस खबर घेऊन येतं."

मग दोन हजार एकच्या उन्हाळ्यात ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग उसळली आणि काकांचा डावा गुडघा गेला. काम बसून होतं, दुकान चालू राहिलं. पण ओढ्यात उतरायला सगळी दगडांची घसरण; तिथं काठी टेकत जाणं होईना. पायाबद्दल काका कधी बोलले नाहीत. फक्त एकदा पान्हा पुसता पुसता बाबांना म्हणाले, "टिकल्या आता कुठं ऱ्हायला गेला आसंल, काय की." टिकल्या म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. डोक्यावर बरोबर मधोमध चांदीची टिकली असते. वरून बघितलं की पाणी दिसत नाही, मासा दिसत नाही, नुसत्या टिकल्या फिरताना दिसतात.

त्या दिवाळीनंतर काकांनी ठरवलं. आपल्याला ओढ्यात जाता येत नाही, तर ओढा इकडं आणायचा. हे त्यांनी समोरच्या वसराम वेल्डरला जॅक मागावा तशा आवाजात सांगितलं. वसरामनं अँगलची चौकट जोडून दिली. फाट्यावरचं एक मिठाईचं दुकान बंद पडलं होतं, त्याच्या शोकेसच्या जाड काचा चौकटीत बसवल्या, कडेनं लांबी, म्हणजे काच बसवायचं पुटिंग, भरली. बरोबर पाच घागरी पाण्याची टाकी झाली. ती ठेवली दुकानामागच्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, पिण्याच्या पाण्याच्या हंड्या-कळशांच्या ओळीत. पाण्याची जागा ती पाण्याची जागा, असं मिराकाकूचं म्हणणं.

मासे आणायचं काम मिराकाकूवर आलं, कारण धुणं घेऊन ओढ्यावर तीच जायची. ती आधी भांडली. "मेलं तरी खायचं न्हाई, जगलं तरी खायचं न्हाई, मग ठिवायचं काहून?" आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आली. पदराचं एक टोक पाण्यात पसरून त्यावर शिळ्या भाकरीचा चुरा टाकायचा आणि हळूच उचलायचं, ही तिची पद्धत. काकांना लहानपणी ज्या हुडकण्याला दोन-दोन तास लागायचे ते तिनं धुणं वाळेपर्यंत उरकलं. सात टिकल्या, मूठभर झिंगे, एक मिशीवाला शिंगाळ्याचा पोरगा, बांगड्यांसारखं गुंतलेलं शेवाळ, आणि रिबिनीसारख्या लांब पात्यांचं एक गवत मुळासकट. काका म्हणाले, गवत कुठं उगवलं होतं? काकू म्हणाली, पाण्यात. काका म्हणाले, पाण्यात कुठं, वाहत्या का साचल्या? पुढच्या वेळी काकू बघून आली.

टाकी एका कोपऱ्यातून पाझरायला लागली. काकांना त्याची काय काळजी? घासलं, सोलुशन लावलं, फुंकलं, ट्यूबचं ठिगळ बाहेरून चिकटवलं. तीन दिवस टिकलं, तेव्हा ओढ्याच्या पाण्याच्या बादलीतले मासे आत सोडले. चौथ्या दिवशी दुपारी काकू भाकरी थापत असताना ठिगळ सुटलं आणि पाच घागरी पाणी पिठाच्या डब्याखालून, उंबऱ्यावरून, रस्त्यापर्यंत गेलं. मासे जमिनीवरून वेचून पंचरच्या टपात टाकले. नेमका त्याच वेळी एक राजस्थानचा ट्रक थांबला, ट्यूब टपात गेली, बुडबुडे आले, आणि टिकल्यांना वाटलं वर काहीतरी खायला पडलं. ते बुडबुड्यांकडे धावले. ड्रायव्हरनं तोंडातला घास गिळला नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

काका मात्र ठिगळ हातात घेऊन संध्याकाळपर्यंत बसले होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ट्यूबमधली हवा ठिगळाला टायरवर दाबते, म्हणून ते बसतं. इथं ठिगळाच्या मागं कोण आहे दाबायला? आयुष्यभर बाहेरून लावलं, पण इथं आतून लावायला पाहिजे. आतून लावलं. टाकीनं पुन्हा थेंब सोडला नाही.

मासे टपातून टाकीत गेले, आणि मरायला लागले.

पहिल्या दिवशी झिंगे. मग शिंगाळा. पाचव्या दिवशी शेवटची टिकली पोट वर करून तरंगत होती. काकांनी लांबीला दोष दिला, लांबी खरवडून नवी भरली, वाळवली. काकूनं दुसरी खेप आणली. तीही आठवड्यात गेली. वसराम म्हणाला, हिंगोलीच्या एका दवाखान्यात बघितलंय, बुडबुड्यांची मशीन लागते, रंगीत मासे लागतात. गावठी मासा काचेत जगत नसतो. हे शेवटचं वाक्य काकांना फार लागलं. मशीन तर आपल्याकडं आहेच, म्हणाले, आणि दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी टाकीत सोडली. नॉब अगदी थोडासा फिरवला होता. पाणी छताच्या पत्र्याला लागलं. एक झिंगा भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन बसला. तिसरी खेप अशी संपली.

मिराकाकू ओला पदर पिळत दारात उभी राहिली. तिचा आवाज चढला की भीती वाटत नाही, उतरला की वाटते. तेव्हा उतरला होता.

"तीनदा आणले, तीनदा मेले. ते वढ्यात खेळून राहिले होते, तिथून मी उचलून आणते. आणिक एकदा आणीन. ह्या खेपी मेले तर चौकट वसरामला परत, आन् ह्या घरात माशाचं नाव न्हाई."

काका "व्हय" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोन सायकलींचे पंचर काढले आणि दोन्हींना हवा भरायची विसरले.

चौथी खेप आणायची त्यांना घाई नव्हती. आधी कारण सापडायला पाहिजे होतं. बूथवर येऊन विचारायचे, "बेटा, तुला काय वाटतं?" मला काही वाटत नव्हतं. संक्रांतीनंतर एक पोरगं सायकलची ट्यूब घेऊन आलं. काकांनी ती टपात बुडवली, बुडबुडा आला, आणि टपाच्या काळ्या पाण्यातून एक चांदीची टिकली वर आली. मग दुसरी. दोन मासे तळाच्या गाळात राहून गेले होते. महिना-दीड महिना. मशीन नाही, काच नाही, कुणी खायला घातलं नाही, वर हजार ट्यूबा बुडवलेल्या. आणि दोघंही चांगले जाड झाले होते. टपात डासांची पिल्लं का दिसत नाहीत याचा उलगडाही तिथंच झाला.

काका टपाकडं बघत राहिले. मग घरात जाऊन टाकीकडं बघून आले. पुन्हा टपाकडं. मला म्हणाले, ह्याच्यात आणि त्याच्यात फरक काय, सांग. मी म्हणाले, हे घाण, ते स्वच्छ. ते म्हणाले, स्वच्छ कसं काय? पाच-सहा दिवस पाणी भरून ठेवलं तर हिरवट दिसायला पाहिजे. आमच्या टाकीतलं पाणी कधीच हिरवट दिसलं नाही.

तेव्हा मिराकाकूला विचारलं. तिनं अभिमानानं सांगितलं. रोज सकाळी उठल्यावर हंडा, कळशी, रांजण रिकामे करायचे, शिळं पाणी जास्वंदीला घालायचं आणि नळाचं ताजं भरायचं. टाकीही ओळीतच होती. मासे तळाला राहतील एवढं ठेवून ती रोज जवळजवळ पाचच्या पाच घागरी बदलत होती. काका तोवर दुकान उघडायला गेलेले असायचे. आमच्या फाट्याच्या नळाला ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर. सकाळच्या पहिल्या पाण्याला असा वास यायचा की चहासुद्धा औषधासारखा लागायचा. काकू त्या माशांना रोज सकाळी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी पाजत होती.

"परक्या जागी आलेत बिचारे," ती म्हणाली. "त्यांनला शिळं कसं द्यावं?"

काका हसले नाहीत. त्यांनी तिला टपापाशी नेलं आणि दोन टिकल्या दाखवल्या. ती बराच वेळ वाकून बघत होती. नंतर जे भांडण झालं ते अर्धं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या तांड्याच्या बोलीत होतं, त्यामुळे मला फक्त चाल कळली, शब्द नाही. मराठीतला भाग एवढाच होता की ज्या घरात पाणी शिळं राहतं त्या घराला लोक काय म्हणतील. शेवटी ठरलं. टाकी ओळीतून काढून खिडकीपाशी ठेवायची. नळाचं पाणी पावडरचा वास उडून जायला बादल्यांमध्ये तीन दिवस उघडं ठेवून मग टाकीत भरायचं. टपातलं एक घमेलं काळं पाणी त्यात ओतायचं. तळाला ओढ्याची वाळू, त्यात ते रिबिनीचं गवत लावायचं. आणि होळीपर्यंत कुणी पाणी बदलायचं नाही. आटलं तर तांब्याभर वरून.

चौथ्या खेपेला सहा टिकल्या आल्या. टपातल्या दोन धरून आठ.

पैज मी इथं लावली. फाट्यावर सगळ्यांचे आवाज काढण्यात माझी वर्षं गेली होती. मिराकाकूला मी तिच्या घरच्यांपेक्षा जास्त ऐकलं होतं. पाहुण्यानं अर्धा पेला पाणी ठेवलं तर ती तेही फेकते. ती होळीपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. काकांना म्हटलं, काकू पाणी फेकणार. फेकलं तर मला बरणीत दोन टिकल्या द्यायच्या. काका म्हणाले, "बराबर. न्हाई फेकलं तर महिनाभर माझ्या बायकोची नक्कल बंद." मी हसत हो म्हटलं.

पाणी आठव्या दिवशी गढुळलं, पंधराव्या दिवशी हिरवट झालं. काकू येता-जाता टाकीकडं बघायची आणि तोंड फिरवायची. एकदा हातात बादली घेऊन खिडकीपाशी आली, थांबली, आणि खिडकीच धुऊन गेली. माझ्या बरणीचं झाकणसुद्धा मी घासून ठेवलं होतं.

महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या जीपा फाट्यावर रांग लावून उभ्या होत्या. त्यातल्या एकीत काकूची थोरली बहीण पेमा होती. चाक पंचर, म्हणून ती घरात येऊन बसली. काकूनं चहा टाकला. पेमामावशीची नजर खिडकीकडं गेली. हिरवं पाणी, काचेला शेवाळ धरलेलं, आत काहीतरी हलतंय. मी दारात होते. हाच तो क्षण, मला कळत होतं.

"काय गं मिरे," पेमामावशी म्हणाली, "हे पाणी कवाचं?"

काकू चहा गाळत होती. पातेलं खाली ठेवलं. तिचा हात बादलीच्या कडीवर गेला, हे मी शपथेवर सांगते. पण तिनं बादली उचलून बाजूला सारली आणि बहिणीपुढं कप ठेवला.

"महिन्याचं हाय," ती म्हणाली. "शिळं न्हाई ते. मुरलेलं हाय. लोणचं तू पहिल्या दिशी खातीस का?"

पेमामावशीनं चहा घेतला. दुकानात काका टायरच्या आत हात घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण टायर बराच वेळ नुसताच फिरत होता.

होळीच्या दोन दिवस आधी काकूनंच हाक मारली. रिबिनीच्या गवताच्या वरच्या टोकाशी, पाण्याच्या अगदी कातड्याखाली, दोऱ्याचे तुकडे असावेत तसं काहीतरी होतं, आणि प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढी चांदी. काका खुर्ची ओढून नाक काचेला लावून बसले. अकरा पिल्लं मोजली, मग बारा, मग पुन्हा अकरा. मोठे आठच्या आठ जिवंत होते. गावठी मासा काचेत जगत नसतो म्हणणारा वसरामही येऊन वाकून मोजून गेला.

मी पैज हरले. होळीपासून महिनाभर मिराकाकूचा आवाज बंद. ते लोणच्याचं उत्तर एव्हाना फाट्यावर पसरलं होतं. फाट्यावरच्या हॉटेलात खिचडी खायला थांबलेले ड्रायव्हर बूथवर येऊन म्हणायचे, सुना है तू अच्छा करती है, कर के दिखा. मी नाही म्हणून मान हलवायचे. मग शेजारून काका म्हणायचे, थांबा, मी दाखवतो. आणि पान्हा खाली ठेवून, आवाज बारीक करून, चुकीच्या जागी थांबून, बहिणीचं आणि बायकोचं दोन्ही एकाच सुरात म्हणून दाखवायचे. महिनाभर, रोज, मला ते ऐकावं लागलं.